उतरताना

मुकुंदवाडी,
२२ ऑगस्ट १९९३

त्रिंबकदादा,

थोरल्या भावाला पत्र लिहिताना वर 'तीर्थरूप' लिहायचं असतं, हे मला शाळेत शिकवलं होतं. पण हात वळला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. 'दादा' सवयीनं लिहिलं गेलं, ते खोडत नाही.

तुझं पत्र काल कडूबानं कंपनीच्या गेटवर आणून दिलं. आपल्या गावचा माणूस गेटवर उभा दिसला तशी मी घाबरले. वाटलं, आईचं काही बरंवाईट झालं. तर पत्र तुझं! माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मला दोन लेकरं झाली, सासू गेली, आम्ही लासूर स्टेशन सोडून इथं मुकुंदवाडीला पत्र्याच्या खोलीत राहायला आलो. तुझी एक ओळ आली नाही. आता आली ती काय, तर 'तू मुसलमानिणीची सलवार घालून डोंगरावर पळते असं कानावर आलं. ताबडतोब बंद कर. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही.'

गावात तोंड दाखवायला जागा नाही म्हणतो. दादा, ज्या गावात तू तोंड दाखवतो, त्या गावाला मी ओळखते.

कडूबानं तुला अर्धंच सांगितलं. बाकीचं मी सांगते. मी चिकलठाण्याला विजेच्या बटणांच्या कंपनीत जोडणीच्या लायनीवर काम करते. डिसेंबरात सगळ्या कंपन्यांच्या कामगारांची डोंगरावर पळायची शर्यत आहे. इथं शहराजवळच्या सातारा गावच्या खंडोबापासून डोंगर चढायचा, माथ्यावरून पळत जायचं आणि दुसऱ्या सोंडेनं उतरून परत देवळाजवळ यायचं. नोटीस लागली तेव्हा मी सुपरवायझरला विचारलं, बायांची नावं कुठं लिहायची? तो हसला. म्हणाला, "बायांसाठी लिंबू-चमचा ठेवलाय की, मनकर्णाबाई." लायनीवरच्या पुरुषांनीही हसून घेतलं. मी त्याच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि पुरुषांच्या खाली माझं नाव लिहिलं. माझ्या खाली शकीलानं लिहिलं. आता आठ बायांची नावं आहेत.

शकीला ती सलवारवाली. सिल्लोडची आहे, माझ्या शेजारी बसून काम करते. लुगडं नेसून डोंगर पळता येत नाही म्हणून तिनं स्वतःची सलवार दिली. वर मोतीरामचा शर्ट घालते. मोतीराम म्हणजे तुझा मेहुणा, नाव विसरला असशील म्हणून लिहिलं. त्याला लाज वाटत नाही. तुला का वाटते?

हे पत्र दुसऱ्याकडून वाचून घेऊ नको. स्वतः वाच.

मनकर्णा


मुकुंदवाडी,
१९ सप्टेंबर १९९३

त्रिंबकदादा,

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहिते. का लिहिते ते शेवटी सांगीन. कदाचित नाही सांगणार.

आज सुट्टी होती. सकाळी मी आणि शकीला साताऱ्याला गेलो. खंडोबाचं दर्शन घेतलं, भंडारा कपाळाला लावला. शकीला बाहेर वहाणा सांभाळत उभी राहिली. मग मी डोंगर चढायला लागले, शकीला मागून हळूहळू.

दादा, चढताना मला काही वाटत नाही. आपण मेंढरांच्या मागं वाढलेली माणसं. चढ दिसला की माझे पाय आपोआप लांब पडतात. छाती भरून येते, घशाला कोरड पडते, पण मनाला बरं वाटतं. मी मध्ये न थांबता माथ्यावर गेले. तिथून सगळं शहर दिसतं. चिकलठाण्याकडची धुराडी, रेल्वेचे रूळ, आणि जिथं मागच्या साली ज्वारी होती तिथं आता उभे राहिलेले पत्र्याचे शेड. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि मला हसू आलं.

मग उतरायला वळले आणि पाय जागेवर खिळले.

पुढं उतार होता. साधा उतार, शेरडं सुद्धा उड्या मारत जातील असा. मुरूम, मध्ये मध्ये काळे दगड, थोडी कुसळं. तळहातांना घाम आला. डावा पाय उचलला, पण पुढं टाकता येईना. मी मटकन खाली बसले. शकीला खालून ओरडली, "अगे मनकर्णा, क्या हुआ? सांप है क्या?" मी म्हणाले, नाही. "तो फिर उतर ना!" मला उतरता येईना. ती वर आली, माझ्या पुढं उभी राहिली आणि म्हणाली, "नीचू काय कू देखती? मेरेकू देख." तिचा हात धरून, बसून, घासत घासत मी खाली आले. सलवार मागून फाटली. घरी आल्यावर मोतीरामला सांगितलं, काट्यात अडकली.

त्यानं विचारलं, "उताराला एवढी का भेती गं? मेंढपाळाची लेक ना तू?" मी सांगितलं, लहानपणी मेंढरामागं पळताना घळीत पडले होते. मांडी मोडली होती. तेव्हापासून भीती बसली.

त्याला इतकंच माहीत आहे. लग्नाच्या वेळेस तूही हेच सांगितलं होतं. 'मेंढरामागं पडली, हाड बसलं, आता पाय ठणठणीत हाय.' सोयऱ्यांनी मला अंगणात चालून दाखवायला लावलं होतं, बाजारात बैल चालवून बघतात तसं. मी चाललेही. तू दारात उभा राहून मान हलवत होता.

आज डोंगरावर बसल्या बसल्या मला रडू यायला पाहिजे होतं. ते आलं नाही. राग आला. एवढा राग आला की मी कुसळं मुठीत धरून उपटली.

मनकर्णा


मुकुंदवाडी,
३१ ऑक्टोबर १९९३

त्रिंबक,

आता 'दादा' लिहिणार नाही. तू माझ्या घरी येऊन बसला आणि जे बोलला, त्यानंतर ते जमणार नाही.

दसऱ्याला सोनं द्यायला आला असं तू मोतीरामला सांगितलं. बाजेवर बसला, चहा प्यायला. माझ्या लेकरांना जवळ ओढलं, त्यांची नावं विचारली. मला एक घडीभर वाटलं, माणूस बदलला असेल. मग तू मोतीरामकडं वळला.

"पाव्हणं, बाईला आवरा जरा. गावात लोक हसाय लागलेत."

मोतीराम म्हणाला, "काय आवरायचं? कामावर जाते, घर बघते. सुट्टीला डोंगर पळते. चोरी करते का?"

"आवो, पण तिचा पाय लहानपनी मोडलेला. मेंढरामागं घळीत पडली व्हती. पुन्हा पडली तर जल्माची पांगळी व्हईल. मी भाऊ म्हणून सांगतो."

भाऊ म्हणून! मी चुलीपाशी होते. माझ्या हातात उलथनं होतं. मी म्हणाले, "मेंढरामागं?" तू माझ्याकडं बघितलं. तुझी नजर मला म्हणाली, गप बस. आणि मी गप बसले, कारण तू लगेच पुढचं बोलला. "पळायचं थांबवलं नाय तर आईचं तोंड दिसायचं नाय तुला. ती माझ्या घरात हाय."

तू गेल्यावर मी मोतीरामला सगळं सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा. आता तुलाही सांगते. तुला माहीत आहे, हे मला माहीत आहे. तरी सांगते, कारण तू ते इतक्या वेळा दुसरंच सांगितलं आहे की आता तुला तेच खरं वाटत असेल.

अठ्ठ्याहत्तर साल. मी सातवीत होते. खरात गुरुजी आम्हाला शिकवायला होते. शाळा सुटली की ते मला पळायला न्यायचे. मी तालुक्याला पहिली आले तेव्हा ते आपल्या घरी आईला सांगायला आले होते. आईनं त्यांना घोंगडीवर बसवलं, कपात चहा दिला. तू बाहेरून आला आणि तो कप नंतर उकिरड्यावर फेकला. आठवतं?

त्या साली पावसाळ्यात मुंबईला ठराव झाला, की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. रेडिओवर बातमी आली आणि दोन-तीन दिवसांत गावोगाव आगी लागल्या. आपल्या गावात नानासाहेबांच्या ओसरीवर माणसं जमली. त्रिंबक, आपण धनगर. त्या ओसरीवर आपल्या बापाला कधी कोणी वर बसवलं नाही. पायरीशी उभा राहून बोलायचा तो. त्या दिवशी तुला वर बसवलं, तंबाखू दिली आणि तू त्या तंबाखूला विकला गेला. तुला विद्यापीठ कुठं आहे ते तरी माहीत होतं का? तिथं शिकायला तू जाणार होता का मी?

दुपारी तुम्ही गुरुजींच्या वस्तीवर गेलात. गुरुजींनी बायको-लेकरांना घेऊन मागच्या मागं डोंगर धरला. तुम्ही घर पेटवलं. मी धूर बघितला. घरातल्या भाकरी फडक्यात बांधल्या आणि आडवाटेनं डोंगर चढले. खिंडीत त्यांना गाठलं. गुरुजींची बाई लेकराला पोटाशी धरून बसली होती, तिच्या पायात काही नव्हतं. मी भाकरी दिल्या. गुरुजी म्हणाले, "जा आता. वळून बघू नको." मी पळत निघाले. तेव्हा मला उताराची भीती नव्हती. मी उतारावर वाऱ्यासारखी पळायचे.

अर्ध्या उतारावर तू भेटला. तुझ्या हातात कुऱ्हाड होती, मागं दोघं होते. तू माझा हात धरला.

"कुठून आली? कोण्या वाटेनं गेले ते?"

मी बोलले नाही.

"बोल ना!"

मी खालच्या वाटेकडं बोट दाखवलं. तुला कळलं, मी खोटं बोलते. तू माझ्या तोंडात मारली. मी एक पाऊल मागं गेले आणि मागं जमीन नव्हती.

घळीत पडल्यावर मी वर बघितलं. तू काठावर उभा होता. तुझ्यासोबतचा एक जण म्हणाला, "पोर पडली की रं, त्रिंबक." तू म्हणाला, "पडू दे. चल." 'पडू दे' हे दोन शब्द मी ऐकले. माझा पाय उलटा वळला होता, तरी कान शाबूत होते.

दिवस मावळेपर्यंत मी तिथं होते. आई शोधत आली, तिनं मला पाठीवर घेतलं. घरी तू होता. तू आईला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. सकाळपासून सगळे म्हणायला लागले, मेंढरामागं पडली. आई पण म्हणायला लागली. शाळा बंद झाली. गुरुजी गावात परत आलेच नाहीत. त्यांची खिंड तुला सापडली नाही, एवढाच माझ्या पायाचा फायदा झाला.

मोतीरामनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पळ तू. मी येतो साताऱ्याला तुझ्यासंगं."

आणि आईचं तोंड दाखवणार नाही म्हणतो? बघू.

मनकर्णा


मुकुंदवाडी,
२१ डिसेंबर १९९३

त्रिंबक,

शर्यत झाली.

मधल्या दिवसांत मी दर सुट्टीला साताऱ्याला गेले. पहिल्यांदा मोतीराम उतारावर माझ्या पुढं चालायचा, मी त्याचा खांदा धरायचे. मग खांदा सोडला, नुसती त्याच्या पाठीकडं बघत उतरले. एकदा तोच घसरला आणि शकीला एवढी हसली की मलाही हसू आलं. हसता हसता मी चार पावलं पळाले, ते मला खाली आल्यावर कळलं. दुसऱ्या आठवड्यात परत जमेना. माथ्यावर उभी राहून मी ओकले. असं पुढं-मागं चाललं होतं.

एक गोष्ट मला डोंगरानं शिकवली. चढावर मला तुझा राग कामाला यायचा. दम लागला की मी तुझं नाव घ्यायचे, तुझं 'पडू दे' आठवायचे आणि पाय पुढं पडायचे. पण उतारावर राग आला की अंग कडक होतं. गुडघे ताठ होतात, टाच आधी टेकते आणि माणूस घसरतो. उतारावर तुला डोक्यातून काढून टाकावं लागायचं. शिव्या देऊन झालं, देवाचं नाव घेऊन झालं, तू जात नव्हता. सगळ्यात अवघड तेच होतं.

शर्यतीला लई गर्दी होती. कंपन्यांच्या बसगाड्या भरून माणसं आली होती. देवळाच्या पुढं दोरी बांधली होती. आम्ही आठ बाया एका बाजूला. सुपरवायझर म्हणाला, "मनकर्णाबाई, माथ्यापर्यंत गेला तरी बास हाय. उतरायला चालत या." मी सलवारीची नाडी आवळली.

चढ मी सहज चढले. कितीतरी पुरुष मागं टाकले. एक जण वाकून धापा टाकत होता, त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्याचं काही चोरून नेत होते. माथ्यावर वारा होता. सपाटीवर मी आणि वाळूजची एक बारीक पोरगी बरोबर पळत होतो. मग सोंड आली. ती पोरगी थांबलीच नाही, खाली गेली.

मी थांबले.

मागून माणसं येत होती, मला वळसा घालून जात होती. तळहातांना तोच घाम. मला घळीचा काठ दिसायला लागला, तिथं घळ नसताना. मागून शकीलाचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. मला वाटलं, चालत जावं, कोण विचारणार आहे? आणि मग मला कळलं, की मी चालत गेले तर आयुष्यभर चालतच जाईन. दर उताराला कोणाचा तरी खांदा शोधीन.

मी खाली वाकले, हातात मुरूम घेतला आणि सोडून दिला. का केलं मला माहीत नाही. मग पहिलं पाऊल टाकलं. छोटं. मग दुसरं. गुरुजी सांगायचे, पायाखाली बघू नको, पुढच्या दगडाकडं बघ, पायाला आपली जागा कळते. मी पुढच्या दगडाकडं बघितलं, मग त्याच्या पुढच्या. पाय पडत गेले. वेग आला. भीती गेली नाही, त्रिंबक, असं समजू नको. भीती माझ्यासंगं पळत होती. पण ती मला धरून ठेवत नव्हती. मध्ये एकदा पडले. गुडघा फुटला, कोपर सोलला. पडले तशी उठले, आणि मी पडले हे मला उठल्यावर कळलं. पडणं एवढंच असतं? मी ओरडले. काय ओरडले ते कोणालाच सांगता आलं नाही. मोतीराम म्हणतो, मेंढरं वळवताना ओरडतात तसं.

बायांमध्ये दुसरी आले. ती बारीक पोरगी पहिली. तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "ताई, रगत आलंय." मी म्हणाले, येऊ दे.

मी उतरताना कोणीतरी फोटो काढला. तो कालच्या पेपरात आला आहे. बघ सापडला तर. केस सुटलेले, तोंड उघडं, मुसलमानिणीची सलवार.

मनकर्णा


मुकुंदवाडी,
१८ जानेवारी १९९४

त्रिंबक,

पेपरातल्या फोटोनं दोन माणसं माझ्याकडं आणली.

एक तू. तुझं पत्र वाचून मी आधी चक्रावले, मग हसले. ऑगस्टात 'तोंड दाखवायला जागा नाही' आणि आता 'गावाचं नाव काढलं, अभिमान वाटतो'. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनानंतर नानासाहेबांच्या हस्ते सत्कार. शाल, नारळ. पंचायत समितीला तू उभा राहणार आहे, ते तू लिहिलं नाही, कडूबानं सांगितलं.

दुसरे खरात गुरुजी. दारात एक म्हातारा माणूस उभा, हातात पेपर. मी ओळखलं नाही. ते म्हणाले, "उतारावर अजून टाच आधी टाकतेस तू." मी त्यांच्या पायाशी बसले आणि लेकरासारखी रडले. ते गेल्याच वर्षी नोकरीतून रिटायर झाले, टी.व्ही. सेंटरकडं राहतात. लेक आता विद्यापीठाच्या कॉलेजात शिकतो. त्या दिवशी आईच्या पोटाशी होता तोच.

या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव जाहीर झालं, तेव्हा मी त्यांच्या घरी होते. बाहेर फटाके, गुलाल, ढोल. गुरुजी आत बसून होते. मी म्हणाले, तुम्ही जात नाही का? ते म्हणाले, "जाईन की. मागितलं होतं नामांतर, दिला नामविस्तार. पण दिलं. जातो थोड्या वेळानं. ज्यांची घरं जळाली त्यांच्यातले किती तरी आज बघायला नाहीत, त्यांची आठवण काढतोय." मग त्यांनी मला विचारलं, "तुझा पाय कशानं मोडला होता गं? मला नंतर कोणीतरी सांगितलं, मेंढरामागं पडली." मी सांगितलं. ते उठून आत गेले. बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर आले.

सत्काराला येते. आईला पुढच्या रांगेत बसव, एवढीच अट.

मनकर्णा


मुकुंदवाडी,
६ फेब्रुवारी १९९४

त्रिंबक,

तुझी दोन पत्रं आली. पहिल्यात शिव्या आहेत, दुसऱ्यात 'आईला परत पाठव'. दोन्हींना एकच उत्तर देते.

मी तुझी बेअब्रू करायला आले होते असं तू लिहितो. मी माईकपाशी उभी राहिले तेव्हा माझ्या मनात फक्त गुरुजींचं नाव घ्यायचं होतं. शाळेतली लेकरं रांगेत बसली होती. मी म्हणाले, मला पळायला खरात गुरुजींनी शिकवलं, याच मैदानावर. त्यांचं घर त्या बाजूला होतं. आता तिथं नानासाहेबांच्या कडब्याची गंज आहे. घर कुठं गेलं, ते तुमच्या आईबापांना विचारा.

एवढ्यावर मी थांबले असते. पण तू उठला आणि माईकची वायर ओढली. "झालं झालं, पोरान्ला खाऊ वाटायचाय!" असं हसत म्हणाला. तू हसला नसता तर मी पुढचं बोलले नसते. मग मी बिनमाईकचं बोलले. माझा आवाज मेंढरांमागं तयार झालेला आहे, वायर लागत नाही त्याला. खिंड, भाकरी, तू, घळ. तुझे दोन शब्द.

तू ओरडला, "खोटं हाय! मेंढरामागं पडली व्हती ती! शहरात जाऊन डोकं फिरलंय!" नानासाहेब खुर्चीतून म्हणाले, "मनकर्णा, सणाच्या दिवशी जुनं उकरू नाय." लोकांत कुजबुज झाली. कोणी म्हणालं, पुरावा काय? मी एकटी उभी होते आणि मला ती साताऱ्याची सोंड आठवली. वाटलं, आता पाय कुठं ठेवू?

तेव्हा आई उठली.

मी तिच्याकडं बघितलं नव्हतं, खरं सांगते. तिच्याकडून मला काही आशा नव्हती. ती खुर्चीला धरून उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "नाय. मेंढरामागं नाय पडली. मेंढरं त्या दिवशी वाड्यात कोंडलेली व्हती. मी पाठीवर आणली पोरीला. त्रिंबकानं मला सांगितलं, असं म्हण. मी म्हणले."

तू "आई!" म्हणाला. ती म्हणाली, "व्हय, आईच हाय मी. तिची पन."

शाल खुर्चीवरच राहिली. आई माझ्यापाशी आली आणि म्हणाली, चल.

एस.टी. दुपारची होती. आईनं फाट्याची वाट सोडली आणि डोंगर धरला. खिंडीतून पलीकडं उतरलं की दुसरा रस्ता लागतो म्हणाली. खिंडीत पोचल्यावर ती दगडावर टेकली. मी मागं वळून बघितलं. खाली शाळेचं मैदान दिसत होतं, तुम्ही सगळे अजून तिथंच उभे होता. मध्ये तो उतार, आणि उताराच्या बाजूला घळ. पंधरा वर्षांत मी ती बघितली नव्हती. मला वाटायचं, ती विहिरीएवढी खोल असेल.

मी आईला म्हणाले, तू बस, मी आलेच. मी लुगडं वर खोचलं, चपला काढल्या आणि गावाच्या दिशेनं उतार पळत सुटले.

ते तू बघितलं. मला माहीत आहे, कारण पायथ्याशी मला शाळेतल्या लेकरांच्या शिट्ट्या ऐकू आल्या. पण तुला खालून एवढंच दिसलं असेल, की एक बाई पळत आली, पायथ्याला टेकली आणि परत वर गेली. वरून काय होतं ते ऐक. घळ आली तरी मी बाजूला वळले नाही. मी काठाच्या बाजूनंच पळाले. घळीत बाभळ उगवली आहे. काट्यांना कोणाची तरी चिंधी अडकलेली होती. एवढंच. बाकी काही नाही. तिथं तू नव्हता, कुऱ्हाड नव्हती. मी नुसती पळत होते आणि पायाखाली मुरूम होता.

परत वर गेले तेव्हा आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला. जिथं हाड मोडलं होतं तिथं. दाबून बघितलं आणि म्हणाली, "नीट बसलंय."

आता तुझ्या दुसऱ्या पत्राचं. मी आईला आणलं नाही, ती स्वतः आली. जायचं का, ते मी तिला विचारलं. ती काल गुरुजींच्या घरी गेली होती. मी दारापर्यंत गेले, आत ती एकटी गेली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. येताना तिचं तोंड सुजलेलं होतं आणि हातात गुरुजींच्या बाईनं दिलेले तिळाचे लाडू होते. रस्त्यात एक लाडू मोडून तिनं मला दिला.

तुला तिला भेटायचं असेल तर ये. पण आधी तू त्या घरी जा. पत्ता पत्राच्या मागं लिहिला आहे. तिथं जाऊन काय बोलायचं ते मी सांगणार नाही. गुरुजी तुला दारात उभं करतील का तेही मला माहीत नाही, आणि त्यांनी दार लावून घेतलं तर मी त्यांनाच बरोबर म्हणीन.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं, शिव्यांचंही. तू त्यात लिहिलं होतं, 'आई रागाच्या भरात गेली, राग उतरला की येईल.' ते ऐकून ती बाजेवर उठून बसली. मग म्हणाली, मी सांगते तसं लिही. जसं बोलली तसंच लिहिते:

"त्रिंबका, मी रागावून नाय आले. मी लाजून आले."

मी मात्र रागावूनच आहे.

मनकर्णा